शिवेवर ठेवलेला सोटा

टोकावड्याच्या संघरत्ना रोकडे यांच्या दुरुस्तीच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले आहेत. डावीकडे बिघाड, उजवीकडे उपाय. ‘पडदा हिरवा. – लाल तार सुटली होती, जोडली.’ ‘रेडिओ खरखरतो. – आत पाल मेलेली, काढली.’ अशा साडेतीनशेहून अधिक नोंदींपैकी एका नोंदीसाठी मला टोकावड्याला तीन खेपा कराव्या लागल्या. तिच्या डाव्या रकान्यात एकच शब्द आहे, ‘वाघ’. उजवीकडे लिहिले आहे, ‘रंगूने (उंबरपाडा) वाघासमोर सोटा खाली ठेवला. वाघ गेला. पुढे घरे आहेत. वाघबारस, दुपार.’

हा वाघ चौदा इंची टीव्हीच्या पडद्यावरचा होता. पुण्यातल्या ज्या लहानशा संग्रहासाठी मी काम करते, तो टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवतो आणि त्या कुठे, कोणी व कशा खेळल्या याची नोंद ठेवतो. संघरत्नाताईंकडची पिवळी कॅसेट आमच्या यादीत नव्हती. तिच्यावरचा कागद कधीच निघून गेला होता आणि पडद्यावर येणारे नाव परदेशी लिपीत, तेही अर्धवट तुटलेले उमटत होते. म्हणून टोकावड्यात जे नाव रूढ होते तेच आम्ही यादीत घेतले: ‘सोटेवाला’.

खेळ अश्मयुगातला आहे. कमरेला कातडे गुंडाळलेला एक बुटका माणूस हातात सोटा घेऊन डावीकडून उजवीकडे चालत राहतो, कातळांवरून उड्या मारतो, आडवे येईल त्याला झोडपतो. टप्पे पाच. पहिले रान, दुसरी मगरींची नदी, जिला इथली मुले ‘काळू’ म्हणत, कारण त्यांच्या ओळखीची नदी तीच. तिसरा धगधगता डोंगर. चौथ्यात लोकरी अंगाचा हत्ती, त्याचे नाव ‘केसाळ्या’. आणि पाचव्यात गुहेच्या तोंडाशी उभा असलेला, हातभर सुळ्यांचा वाघ. मधूनमधून डायनासोरही येतात. माणूस आणि डायनासोर यांच्यामध्ये सहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे, असे मी पहिल्याच भेटीत संघरत्नाताईंना सांगितले होते. त्या एका मिक्सरच्या पोटात वाकून तार चिकटवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “असंल. आमच्याकडं दोघं एकाच कॅसेटमधे नांदले.”

त्या आज चौपन्न वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील बारकू रोकडे आठवडी बाजारात छत्री रोवून रेडिओ दुरुस्त करत. छप्पन सालानंतर रोकड्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा बारकू शाळकरी वयाचे होते. घरातले देव गेल्यावर रिकाम्या झालेल्या कोनाड्यात त्यांनी पुढे आपला पहिला रेडिओ ठेवला, असे संघरत्नाताई सांगतात. या गोष्टीला लेखी पुरावा नाही, मात्र कोनाडा आहे, आणि त्याच्या भिंतीत तार बाहेर काढायला पाडलेले भोकही आहे.

आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. शिकून आल्यावर वडिलांच्या छत्रीचे त्यांनी टोकावड्याच्या रस्त्यावर पत्र्याचे दुकान केले. गिऱ्हाईक यायचे, काखेतला टीव्ही तसाच धरून विचारायचे, “दुरुस्तीवाले भाऊ कुठं गेले?” त्यांचे उत्तर ठरलेले असे. “भाऊ नाय. मीच हाय. टीव्ही ठेवा, हात दुखतील.” असे विचारणाऱ्यांची संख्या दरवर्षी कमी होत गेली, आणि शेवटचा माणूस कोण होता हेही त्यांना आठवते, पण नाव सांगायला त्या तयार नाहीत, कारण तो आता त्यांचा नेहमीचा गिऱ्हाईक आहे.

व्हिडिओ गेम त्यांनी विकत आणला नव्हता. एका गिऱ्हाईकाने दुरुस्तीला टाकलेला सेट परत नेलाच नाही. त्यांनी एक वर्ष वाट पाहिली, मग तो दुकानातल्या टीव्हीला लावला. शाळा सुटल्यावर मुले जमू लागली. नियम दोनच. तीन जीव संपले की उठायचे, मग पोर कुणाचे का असेना. आणि पाड्यांवरून चालत आलेल्या मुलांना पहिला नंबर, कारण दिवेलागणीच्या आत त्यांना डोंगराच्या बाजूला परतायचे असे. मुले येताना शेतातली काकडी आणत. ती दुकानातच चिरली जाई आणि रिमोटच्या बटणांवर तिचा रस लागू नये म्हणून दाराशी पाण्याची बादली ठेवलेली असे.

पावसाळ्यात इथली हवा लोखंडालाही सोडत नाही. मुंबईहून आमच्याकडे आलेल्या बहुतेक कॅसेटींच्या तोंडाशी, सेटच्या खाचेत बसणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, हिरवट बुरशी चढलेली असते. संघरत्नाताईंची कॅसेट जून ते सप्टेंबर फडक्यात बांधून घरच्या तांदळाच्या पिंपात असे. आजही तिच्या पट्ट्या स्वच्छ आहेत. तांदळामुळेच, असे मी ठामपणे म्हणणार नाही. तुलनेसाठी दुसरी कॅसेट नाही. तांदूळ होता आणि पट्ट्या स्वच्छ आहेत, एवढे दोन्ही मी पाहिले.

आता त्या वाघाकडे येते.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, कुंडलिकचा ढाबा आहे. माळशेजकडे जाणाऱ्या एसटीच्या गाड्या तिथे थांबतात. त्या काळी ढाबा कुंडलिकच्या वडिलांचा होता आणि पंचविशीतला कुंडलिक भजी तळण्यापेक्षा रस्त्याच्या अलीकडेच जास्त सापडत असे. ‘सोटेवाला’त त्याच्याइतका तरबेज कोणी नव्हता. केसाळ्याला तर त्याने झोपेतही हरवले असते. वाघापुढे मात्र त्याचे काही चालले नाही. सोटा मारा, दगड फेका, उडी मारून मागे जा, वाघ झेप घेतोच आणि माणूस मरतोच. टोकावड्यात तो वाघ कोणीच मारला नाही. “मी दोनशे येळा तरी मेलोय त्याच्या तोंडी,” कुंडलिक आजही अभिमानाने सांगतो.

वाघबारशीच्या दिवशी, म्हणजे वसुबारशीला, दिवाळीच्या सुट्टीत, कुंडलिक पाचव्या टप्प्यात पोहोचला होता आणि तेवढ्यात समोर एसटी येऊन थांबली. वडिलांची हाक आली. त्याने शेजारी नंबर लावून बसलेल्या मुलीच्या हातात रिमोट दिला, “धर गो, मरू नको,” म्हणाला आणि रस्ता ओलांडून पळाला. ती मुलगी म्हणजे उंबरपाड्याच्या ठाकर वस्तीतली रंगू मेंगाळ. अकरा वर्षांची. वहीत साल नाही; पण रंगू तेव्हा पाचवीत होती आणि शाळेच्या दाखल्यावरून ते २००२ ठरते.

कुंडलिक भजी देऊन परत आला तेव्हा पडद्यावर खेळाचे पहिले पान होते. त्याने मानले की पोरगी मेली. संघरत्नाताईंनी त्याला सांगितले की वाघ गेला, पुढे झोपड्या आल्या, खेळ संपला. त्यांनी टेबलावरून मान वर केली तेव्हा वाघासमोर तो बुटका माणूस मोकळ्या हाताने उभा होता आणि वाघ वळून चालू लागला होता, एवढे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी ते वहीत लिहिले. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी वाघासमोर सोटा टाकून पाहिला आणि सगळे मेले. रंगूला विचारावे तर दिवाळी होताच तिचे कुटुंब कामाला वीटभट्टीवर निघून गेले होते. पुढल्या वर्षी ती गुरांमागे गेली, मग लग्न होऊन शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. तिच्यासोबत त्या दुपारी तिचा चुलतभाऊ दामूही होता. तो आता नाशिकला असतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “वाघ गेला ह्ये खरं. पन कसा गेला ते नाय सांगता येनार. मी काकडी खात होतो.”

तेव्हापासून बावीस वर्षे टोकावड्यात ‘ताईंचा वाघ’ ही थट्टा आहे. कोणी अशक्य बोलले की ‘हा बघ ताईंचा वाघ’ म्हणतात. माझ्या दुसऱ्या भेटीत कुंडलिक मुद्दाम चहा घेऊन आला आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, नीट लिहा. ताईंचा वाघ शाकाहारी होता. नमस्कार घातला की जायचा.”

“तू तवा भजी तळत होतास,” संघरत्नाताई म्हणाल्या. “तुला काय ठावं?”

“म्हनून तर इचारतो. मी गेलो की वाघ जातो, मी आलो की वाघ येतो. वाघाचं माझ्याशीच वाकडं हाय का?”

“तुझी भजी खाल्ली असतील.”

हसण्यावारी गेले खरे. पण त्याच भेटीत मी माझा मसुदा त्यांना वाचून दाखवला, आणि तिथे हसू थांबले. आमच्या संग्रहाचा नियम असा की खेळातली कोणतीही करामत डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय आणि तिचे चित्रण झाल्याशिवाय खरी म्हणून लिहायची नाही. मी लिहिले होते, ‘वाघाला न मारता खेळ पूर्ण केल्याचा दावा (रंगू मेंगाळ, उंबरपाडा), अप्रमाणित.’

“अप्रमाणित म्हंजे?”

“म्हणजे खोटे नव्हे. पण पडताळलेले नाही.”

“मी पाह्यलंय की.”

“तुमच्याशिवाय कोणी पाहिलेले नाही, ताई.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “ही वही घे. यातला एक उपाय दाखव, जो लिवला आनि बिघाड गेला नाय. एक. बापानं शिकवलेलं, झालं तरच लिवायचं.” मग चष्मा पुन्हा लावत, “कॅसेट ने तू. खुशाल ने, माझ्या पिंपात ती किती वर्सं ऱ्हानार. पन त्या पोरीच्या नावाम्होरं असला शब्द नको. थट्टा माझी झाली, ती मी ऱ्हाऊ दिली. छापून तिची नको. खरं असंल तर सरळ लिव. नायतर तिचं नाव काढून टाक.”

यादी महिनाअखेरीस छापायला जाणार होती. नाव काढून टाकणे सोपे होते. पण बावीस वर्षांपूर्वी एका पाड्यावरच्या मुलीने जे केले ते खरे असेल, तर ते पुसणारा हात माझा ठरला असता. आम्ही दोघींनी ठरवले की रंगूलाच बोलवावे.

रंगू आता तेहेतीस वर्षांची आहे आणि एका आश्रमशाळेत स्वयंपाक करते. जानेवारीतल्या एका रविवारी ती रजा टाकून आली. किन्हवलीला गाडी बदलली, सरळगावला पुन्हा बदलली, आणि अकराच्या सुमारास दुकानाच्या पायरीशी चपला काढून उभी राहिली.

“ताई, वळखलंत का?”

“तुला नाय वळखनार? वाघ घालवलास तू माझ्या दुकानातला.”

“तो होय!” रंगू मोठ्याने हसली. “अजून हाय का तो? मला वाटलं, येवड्या वर्सांत म्हातारा होऊन मेला असंल.”

तिने ती गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखे तिला त्यात काही वाटलेच नव्हते. सगळ्यांनाच तो वाघ असाच ओलांडता येतो, असा तिचा समज होता. त्यावरून एवढी वर्षे ताईंची थट्टा होत आहे, हे ऐकून ती अवघडली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, “मंग लावा. दावते.”

इथे माझ्या हातून चूक झाली. साक्षीदाराला आधी कागद दाखवू नये, हे मी शिकले आहे आणि इतरांना शिकवतेही. तरीही, तिला आठवायला मदत व्हावी म्हणून मी तिला वहीतली नोंद वाचून दाखवली: ‘वाघासमोर सोटा खाली ठेवला.’ रंगूने मान डोलावली. “ताईंनी लिवलंय म्हंजे तसंच केलं असंल.”

बावीस वर्षांनी पहिले चार टप्पे पार करणे तिच्याने होणारे नव्हते. ते काम कुंडलिककडे आले. आता तो ढाब्याचा मालक आहे, केस पिकले आहेत, बोटे जाड झाली आहेत. तो उकिडवा बसला, रिमोट हातात घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू मावळली. पाऊण तासात त्याने रान, काळू, डोंगर आणि केसाळ्या मागे टाकले, एकही जीव न गमावता. पाचव्या टप्प्यात पडद्यावरच्या माणसाला वाघासमोर नेऊन उभे केले, खेळ थांबवला आणि रिमोट रंगूला दिला. “घे गो. तुझा वाघ.”

रंगूने बटण दाबले. माणूस वाकला, सोटा जमिनीवर आला. हातातली वस्तू खाली ठेवायची सोय या खेळात आहे, कारण सोटा टाकून दगड उचलता येतो आणि दगड टाकून सोटा. मोकळ्या हाताने मात्र कोणी फिरत नाही. वाघाने झेप घेतली. माणूस मेला.

मेल्यावर तो पुन्हा वाघासमोरच, हातात सोटा घेऊन उभा राहतो. तिने दुसऱ्यांदा सोटा ठेवला. वाघाने झेप घेतली. तिसऱ्यांदाही तेच झाले, आणि पडद्यावर पहिले पान आले.

कुंडलिकने आधी माझ्याकडे पाहिले, मग संघरत्नाताईंकडे. हसायला तोंड उघडले आणि त्यांचा चेहरा पाहून मिटले. “जाऊ द्या, ताई,” तो म्हणाला. “वाघ म्हातारा झाला, वळखत नसंल.” हे त्याने बरे वाटावे म्हणून म्हटले होते, पण बरे वाटले नाही. संघरत्नाताईंनी वही उघडली, त्या पानावर बोट ठेवले, आणि पहिल्यांदाच माझ्या देखत आपल्याच अक्षराकडे संशयाने पाहिले. “काढ तिचं नाव,” त्या मला म्हणाल्या. “मलाच दिसलं असंल कायतरी.”

मी पेन हातात घेतले होते. रंगू भिंतीला टेकून बसली होती. कुंडलिकने आणलेला चहा बशीत ओतून ती फुंकर घालत होती, आणि तिचे लक्ष आमच्याकडे नव्हते. ती कसलासा विचार करत होती.

“ताई,” ती म्हणाली, “पन आमी वाघोबाम्होरं काठी नेतच नाय.”

“म्हंजे?”

“आमच्या पाड्यावर वाघबारशीला पोरं वाघोबाच्या दगडाशी जातात ना, तवा काठ्या शिवेवरच ठेवायच्या असतात. दोन दगड हायेत तिथं. हातात काठी घेऊन गेलं म्हंजे भांडायलाच गेलं. मंग समोर जाऊन ठेवली तरी काय उपेग? त्यानं पाह्यलं की तुमाला काठीसकट.” तिने बशी खाली ठेवली. “त्या दिशी आमी तिथूनच आलो होतो इकडं. दामूला वाघ केला होता. ‘आमच्या शिवारात येशील का रे?’ असं इचारायचं, आनि त्यानं ‘नाय, नाय’ करत पळायचं. तो पळता पळता शेनात पडला होता.”

मग कुंडलिक सावकाश म्हणाला, “मी रिमोट दिला तवा वाघ यायचाच होता. त्याच्या आदलाच पडदा होता. एसटी आली, म्हनून मी वाघापातूर गेलोच नव्हतो.”

हे तो पहिल्या भेटीपासून सांगत होता आणि ते माझ्या टिपणांत लिहिलेलेही होते. मी त्याकडे लक्ष दिले नव्हते. संघरत्नाताईंनी मान वर केली तेव्हा माणूस वाघासमोर मोकळ्या हाताने उभा होता. सोटा तिथेच ठेवला, हे त्यांनी पाहिले नव्हते. ते त्यांनी मनाशी जुळवले होते. आणि मग महिनाभर सगळ्या गावाने वाघासमोर सोटा ठेवला होता.

“परत लाव,” संघरत्नाताई म्हणाल्या. कॅसेट काढून त्यांनी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवले, फुंकर मारली आणि ती खाचेत दाबली.

कुंडलिकने दुसऱ्यांदा रान ओलांडले. या वेळी काळूत एक जीव गेला आणि त्याने स्वतःला एक शिवी दिली. केसाळ्यापाशी आणखी एक गेला. शेवटचा जीव उरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. पाचव्या टप्प्यात, वाघाच्या अलीकडच्या पडद्यावर, दोन वटवाघळे झोडपून त्याने रिमोट रंगूच्या मांडीवर ठेवला. “सांभाळ. एकच हाय.”

रंगू पडद्याकडे वाकून पाहत होती. “ह्ये बघा ना,” ती म्हणाली. पडद्याच्या उजव्या कडेला, गुहेकडे जायच्या तोंडाशी, दोन उभे दगड होते. कुंडलिक त्यांच्यावरून दोनशे वेळा उडी मारून गेला होता. “शीव आलीच की.”

तिने माणसाला दगडांपाशी नेले, वाकवले आणि सोटा तिथे ठेवला. मग मोकळ्या हाताने त्याला पुढे चालवले.

पडदा बदलला. वाघ उभा होता. त्याने जबडा उघडला, मिटला. माणूस चालत राहिला. वाघ वळला आणि गुहेच्या अंधारात चालत गेला, घाई न करता, जसे आपले जनावर गोठ्यात जाते तसे. त्यानंतरच्या पडद्यावर तीन झोपड्या होत्या, एकीतून धूर निघत होता, आणि दारात एक बाई लहान मूल घेऊन उभी होती.

संघरत्नाताईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. कुंडलिक उठून उभा राहिला. “पुढं हो! दारात जा गो, दारात गेलं की संपलं!”

रंगूने माणसाला मागे वळवले.

“आगो, मागं कुठं?”

“सोटा ऱ्हायलाय ना शिवेवर.”

“ऱ्हाऊ दे! मरशील!”

“असा कसा ऱ्हाऊ दे? काठी टाकून घरी गेलं तर आय मारायची. गुरं कशानं हाकायची?”

बाहेर एसटी येऊन थांबली होती. ढाब्याच्या बाजूने कोणीतरी ओरडले, “शेठ, चहाचं बघा की! गाडी दहाच मिंटं थांबनार!” कुंडलिकने दाराकडे न पाहता हात वर केला. “थांबू दे! मानूस शीव वलांडतोय!”

माणूस गुहेसमोरून उलटा गेला. वाघ आला नाही. दोन दगडांपाशी वाकून त्याने सोटा उचलला, खांद्यावर टाकला, त्याच वाटेने परतला आणि झोपडीच्या दारात जाऊन उभा राहिला. लहानशी धून वाजली. मग पहिले पान आले. कुंडलिकला बावीस वर्षांपूर्वी परत आल्यावर दिसले होते, तेच.

सगळे चित्रण झाले होते. चित्रणाच्या शेवटी पडदा हलतो, कारण कुंडलिकसारखीच मीही उठून उभी राहिले होते. हा दोष नोंदवून ठेवला आहे.

नंतर संग्रहातल्या सहकाऱ्याने कॅसेटमधला प्रोग्राम उतरवून तपासला. पडद्यावर प्रवेश करतानाच माणसाच्या हातात काही आहे की नाही, यावर वाघाची झेप ठरते. नंतर काहीही केले तरी ती बदलत नाही, आणि एकदा गेलेला वाघ परत येत नाही. बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले की मोकळ्या हाताने कोणी तिथवर येईल हे त्यांच्या ध्यानातच आले नाही, हे सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाही.

दुपारी आम्ही नोंद लिहायला बसलो. संघरत्नाताईंनी आपल्या वहीतले ते पान उघडले. ‘वाघासमोर’ या शब्दावर त्यांनी एकच सरळ रेघ मारली, खालचे अक्षर वाचता यावे अशी, वर ‘शिवेवर’ लिहिले, आणि बाजूला तारीख घालून सही केली. साडेतीनशे नोंदींमध्ये खोडलेला हा एकमेव शब्द आहे. “पाह्यलं ते लिवलंच नव्हतं मी,” त्या म्हणाल्या. “वाटलं ते लिवलं होतं. बाप असता तर कान धरला असता.” पण त्या खुशीत होत्या. पेनाचे टोपण लावताना त्या गुणगुणतही होत्या.

आमच्या नोंदपत्रात नावाच्या जागी रंगूने दोन्ही आडनावे लिहायला सांगितली, माहेरचे आधी. पुढे एक रकाना असतो, ‘कोणाकडून शिकले’.

“वाघोबाकडून,” रंगू म्हणाली.

मी पेन थांबवले. रकान्यात पडताळता येईल असेच लिहायचे असते.

मी संघरत्नाताईंकडे पाहिले. ज्यांच्या घरात देवांच्या कोनाड्यात रेडिओ आला, त्या या बाबतीत माझ्या बाजूने असतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “वाघोबा मी मानत नाय. पन शिवेवरचे दगड हायेत, काठ्या ठेवनारी पोरं हायेत. ते लिव. ते खरं हाय.”

मी लिहिले, ‘उंबरपाड्याची रीत.’ रंगूला ते पटले. तिने ते दोनदा वाचून घेतले. ‘अप्रमाणित’ हा शब्द मी खोडला.

कॅसेट संघरत्नाताईंनी मला फडक्यात बांधून दिली, आत मूठभर तांदूळ घालून. संग्रहात ओल टिपायच्या पुड्या असतात, हे मी सांगितले. “त्या पन ठेव,” त्या म्हणाल्या.

शेवटी साक्षीदाराची सही राहिली होती. कुंडलिक ढाब्यावरची गर्दी आटोपून, हात पुसत आला. एसटी त्याच्या चहाशिवायच निघून गेली होती आणि वाहकाने त्याला जाता जाता काय म्हटले ते त्याने आम्हाला सांगितले नाही. त्याने नोंदपत्र वरपासून खालपर्यंत वाचले, सही केली, आणि पेन परत देण्याआधी सहीखाली, जिथे काही लिहायची जागा नाही तिथे, बारीक अक्षरात लिहिले: ‘या खेपेला मी होतो.’